चार पिसांची शेपटी आणि सोन्याचा वर्ख

उत्तर पेरूमध्ये, अँडीजच्या डोंगररांगांत, उत्कुबाम्बा नदीचं खोरं आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 2100 ते 2900 मीटर उंचीवरचे उतार, धुकं, जंगलाच्या कडेची काटेरी झुडपं आणि अधूनमधून गुरांसाठी मोकळी केलेली कुरणं. या टापूत राहणारा एक हमिंगबर्ड जगात दुसरीकडे जवळपास कुठेच सापडत नाही. इंग्रजीत त्याला मार्व्हलस स्पॅच्युलटेल म्हणतात, शास्त्रीय नाव लॉडिजेसिया मिराबिलिस. वजन जेमतेम 3 ग्रॅम. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत नर सुमारे 15 सेंटिमीटर भरतो, पण त्यातला मोठा हिस्सा शेपटीचाच. शेपटी वजा केली तर हाती उरतो अंगठ्याएवढा जीव.

हमिंगबर्डच्या सुमारे 360 जाती आहेत आणि त्या झाडून सगळ्या अमेरिका खंडांतल्या. भारतात एकही नाही. ‘आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड आला’ म्हणून जे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, तो बहुतेक वेळा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी असतो. तोही मध पितो, तोही उन्हात झगमगतो, पण त्याचं कूळ पूर्ण वेगळं. शिंजीर सहसा फांदीवर बसून फुलात चोच घालतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी ग्रुपवरचे निम्मे वाद मिटतील.

स्पॅच्युलटेलची चित्रं गेली पावणेदोनशे वर्षं काढली जात आहेत. गंमत म्हणजे त्यातली पहिली कित्येक वर्षं चित्र काढणाऱ्यांपैकी कुणीही हा पक्षी जिवंत पाहिलेला नव्हता. आणि ज्यांनी पुढे पाहिला त्यांनाही तो कागदावर धड उतरवता आला नाही. यात चित्रकारांची कुवत कमी पडली असं नाही. हा पक्षी दोन गोष्टींमुळे देखणा आहे: शेपटीची हालचाल आणि पिसांची झळाळी. स्थिर, सपाट कागदावर नेमक्या याच दोन गोष्टी मावत नाहीत. का मावत नाहीत, आणि त्या मावाव्यात म्हणून माणसांनी काय काय युक्त्या लढवल्या, ते पाहू.

आधी शेपटी

बहुतेक हमिंगबर्डना शेपटीत दहा पिसं असतात. स्पॅच्युलटेलच्या पूर्ण वाढलेल्या नराला फक्त चार. त्यातली बाहेरची दोन अफाट लांब. सगळ्या पिसांना मधोमध एक दांडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात. या दोन पिसांच्या दांडीवर लांबच लांब अंतर तंतूच नाहीत. नुसती काळी, तारेसारखी बारीक दांडी मागे जाते, बाकदार वळते, दुसऱ्या पिसाच्या दांडीला ओलांडून पलीकडे जाते आणि शेवटी एका गोलसर, जांभळट निळ्या चकतीत संपते. म्हणजे डाव्या पिसाची चकती उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे.

इथवरची गोष्ट मेलेल्या पक्ष्यावरही दिसते. खरी करामत पुढे आहे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या स्नायूंच्या जोरावर नर ही दोन पिसं एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलवू शकतो. मादी फांदीवर बसली की तो तिच्यासमोर हवेत तरंगतो, इकडून तिकडे झोकांड्या घेतो आणि दोन्ही चकत्या स्वतःच्या डोक्याभोवती भिरकावत राहतो. पंख हवेत तोलून धरण्याचं काम करतात, शेपटी दिखाव्याचं. एरवी पक्ष्याची शेपटी उडताना तोल सांभाळायला, वळायला, वेग कमी करायला असते. इथे तिला जवळजवळ दुसऱ्याच नोकरीवर ठेवलंय. हा खेळ काही सेकंदच टिकतो. इतका वेळ एका जागी तरंगत राहणं हमिंगबर्डला एरवीही महाग पडतं, त्यात हे लोढणं.

महाग आहे म्हणूनच ते कामाचं आहे, असं जीवशास्त्र सांगतं. चार्ल्स डार्विनने 1871 साली मांडलेला विचार असा: मादी निवड करते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिला जे आवडत गेलं ते नरांमध्ये वाढत गेलं. मोराचा पिसारा हे त्याचं आपल्याला माहीत असलेलं उदाहरण. पुढच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली की अशी अवजड सजावट पेलून जो नर तरतरीत राहतो, तो आपसूक आपल्या तब्येतीचा पुरावा देत असतो. स्पॅच्युलटेलच्या मादीलाही टोकाला छोट्या चकत्या असतात, पण तिची शेपटी बरीच आखूड.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे वाचताना भृंगराज आठवला असेल. आंबोलीच्या किंवा गोव्यात मोलेच्या जंगलात दिसणारा हा काळा कुळकुळीत पक्षी, कोतवालाच्या कुळातला. त्याच्याही शेपटीच्या बाहेरच्या दोन पिसांना उघड्या दांड्या आणि टोकाला पीळ पडलेल्या चकत्या असतात. उडताना मागून दोन भुंगे पाठलाग करतायत असा भास होतो. या दोघांचं काही नातं नाही. एकाच आकाराची शेपटी दोन खंडांत दोन कुळांत वेगवेगळी घडली. फरक असा की भृंगराजाच्या नर-मादी दोघांनाही अशी शेपटी असते, आणि त्या चकत्या बिचाऱ्या मागे लोंबतात. डोक्यावरून भिरकावण्याचा मान त्यांना नाही.

एकच कातडं, चाळीसहून अधिक वर्षं

1835 साली अँड्र्यू मॅथ्यूज नावाचा इंग्रज वनस्पती-संग्राहक पेरूत चाचापोयासच्या परिसरात होता. लंडनच्या जॉर्ज लॉडिजेस यांच्यासाठी तो नमुने गोळा करत असे. लॉडिजेस कुटुंबाची हॅकनीमध्ये मोठी रोपवाटिका होती. ऑर्किड आणि ताडवर्गातल्या झाडांसाठी ती युरोपभर नावाजलेली. जॉर्ज यांना दुसरा नाद हमिंगबर्डचा. मॅथ्यूजने रोपांबरोबर या अजब शेपटीच्या नराचं कातडंही पाठवलं. मॅथ्यूज 1841 मध्ये चाचापोयासलाच वारला, लॉडिजेस 1846 मध्ये. 1847 साली फ्रेंच अभ्यासक जूल्स बूर्सिए यांनी या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि पुढे प्रजातीच्या नावात लॉडिजेस यांचं नाव गोवलं गेलं.

मॅथ्यूजच्या त्या नरानंतर चार दशकं दुसरा नमुना कुणाच्या हाती लागला नाही. युरोपातलं या पक्ष्याबद्दलचं सगळं ज्ञान त्या एका वाळलेल्या नरावर उभं होतं. मादी कशी दिसते, तो खातो काय, ती शेपटी मिरवत उडतो तरी कसा, काहीच माहीत नाही. जातीचं घर नेमकं कुठे तेही धूसर.

अखेर यान श्टोल्त्समान या पोलिश निसर्गअभ्यासकाने तो पुन्हा शोधून काढला. त्याने नुसते नमुने गोळा केले नाहीत, तर जंगलात बसून नर शेपटीचं काय करतो ते पाहिलं. त्यावरचा लेख 1881 साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जॉन गूल्ड वारले. ज्यांच्या ग्रंथातून हा पक्षी जगाच्या डोळ्यांसमोर आला होता, ते हेच गूल्ड.

रंग नसलेला रंग

गूल्डकडे जाण्याआधी झळाळीचा हिशोब समजून घ्यायला हवा, कारण त्यांची सगळी झटापट तिच्याशीच होती.

रंग दोन तऱ्हेने दिसतो. पहिली तऱ्हा रंगद्रव्याची: हळद पिवळी दिसते कारण तिच्यातलं द्रव्य प्रकाशातले काही रंग शोषून घेतं आणि उरलेले परत पाठवतं. हळद कुठूनही पाहा, पिवळीच. दुसरी तऱ्हा रचनेची. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या ओल्या रस्त्यावर तेलाचा तवंग पसरलेला असतो. त्यात जांभळा, हिरवा, सोनेरी असे पट्टे दिसतात आणि आपण दोन पावलं सरकलो की तेही सरकतात. तेलात हे रंग कुणी कालवलेले नसतात. प्रकाशाचा काही भाग तवंगाच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग खालच्या पृष्ठावरून. दोन्ही लहरी परतताना एकमेकींना भेटतात. ज्या रंगाच्या लहरी जुळतात तो उठून दिसतो, ज्यांच्या आपटतात तो मरतो. कोणता जुळेल हे तवंगाच्या जाडीवर आणि आपल्या पाहण्याच्या कोनावर ठरतं.

हमिंगबर्डची पिसं या दुसऱ्या तऱ्हेने रंगतात. पिसाच्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू असतात आणि त्यांच्या आत मेलॅनिनच्या चपट्या, सूक्ष्म चकत्यांचे थर रचलेले असतात. मेलॅनिन म्हणजे आपले केस काळे करणारं तेच द्रव्य. बऱ्याचशा पक्ष्यांत त्याचे कण काडीसारखे लांबट असतात. हमिंगबर्डमध्ये ते चपटे, आणि आतून हवेच्या बुडबुड्यांनी पोकळ. मेलॅनिन, हवा, पुन्हा मेलॅनिन, असे थरावर थर. एका तवंगाऐवजी कित्येक तवंग एकावर एक. जाडी जरा बदलली की हिरव्याचा निळा होतो. हे काम 1960 साली क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडून दाखवलं. ग्रीनवॉल्ट हे ड्यूपाँट या बलाढ्य रसायन कंपनीचे अध्यक्ष, शिक्षणाने इंजिनिअर, आणि फावल्या वेळात हमिंगबर्डवेडे. असे अध्यक्ष असावेत.

अजून एक बारकावा आहे, आणि चित्रकाराची झोप उडवणारा तोच. पाठीवरच्या पिसांतले उपतंतू थोडे खोलगट असल्याने प्रकाश बऱ्याच दिशांना फेकतात. म्हणून पाठ कुठूनही हिरवट-कांस्य दिसते. गळ्यावरचे उपतंतू मात्र सपाट. ते प्रकाश एकाच दिशेला परतवतात. त्यामुळे स्पॅच्युलटेलचा गळा एका कोनातून मोरपिशी पेटलेला दिसतो आणि पक्ष्याने मान जराशी वळवली की विझून काळपट होतो. नराच्या डोक्यावरच्या निळ्या टोपीचंही तसंच. मग चित्रकाराने काय काढायचं, पेटलेला क्षण की विझलेला? दोन्ही खरे, आणि दोन्ही एकत्र येत नाहीत.

एक गोष्ट मात्र चित्रकाराच्या बाजूने आहे. रचनेतून आलेला रंग सहसा विटत नाही. थर शाबूत तोवर रंग शाबूत. म्हणून पक्षी मरून दशकं लोटली तरी कातडं झगमगत राहतं. मॅथ्यूजने धाडलेला तो नर लंडनमध्ये चमकत होता, फक्त हलत नव्हता.

गूल्डचा वर्ख

जॉन गूल्ड हे माळ्याचे पुत्र. पेंढा भरून पक्षी टिकवण्याच्या कामापासून सुरुवात करून ते व्हिक्टोरियन इंग्लंडमधले सर्वांत मोठे पक्षीग्रंथ-प्रकाशक झाले. डार्विनने गॅलापागोसहून आणलेले पक्षी वेगवेगळ्या जातींचे फिंच आहेत हे ओळखणारेही गूल्डच. 1849 ते 1861 या काळात त्यांनी हमिंगबर्डवरचा पाच खंडांचा ग्रंथ काढला. त्यात 360 चित्रं आहेत. पुरवणी त्यांच्या मृत्यूनंतर 1887 मध्ये पुरी झाली.

ही चित्रं एकट्याने केलेली नव्हती. गूल्ड कच्चं रेखाटन करत, हेन्री रिक्टर ते लिथोग्राफीच्या दगडावर उतरवत, दगडावरून छाप निघत आणि मग रंगाऱ्यांची फौज एकेक प्रत हाताने रंगवत असे. झळाळीसाठी साधा जलरंग उपयोगाचा नव्हता. जलरंग म्हणजे रंगद्रव्य. कुठूनही पाहा, तेवढंच. तेव्हा चमकणाऱ्या भागांवर आधी खऱ्या सोन्याचा वर्ख लावला जाई, त्यावर पारदर्शक रंग आणि वर वॉर्निश. प्रकाश रंगातून आत जातो, सोन्यावर आदळून परत येतो आणि पान हलवलं की लकाकी सरकते. जुन्या गंजिफांवर किंवा तंजावर चित्रांवर वर्ख पाहिलेल्यांना हे नवं वाटणार नाही. पण इथे तो देवाच्या मुकुटासाठी नव्हता. एका शास्त्रीय ग्रंथात पिसाचा गुण दाखवण्यासाठी होता.

युक्ती चलाख आहे, पण माझ्या मते अर्धीच. वर्ख लकाकतो, पण रंग बदलत नाही. हिरवा तो हिरवाच राहतो, फक्त कमी-जास्त उजळ. पिसाच्या थरांत कोनागणिक जे होतं ते एका सपाट सोन्याच्या पत्र्यात होणं शक्य नाही. शिवाय छापील पुनर्मुद्रणात आणि आपल्या मोबाइलच्या पडद्यावर वर्खाचा सगळा परिणाम मरतो; उरतो तो मातकट पिवळा. गूल्डची चित्रं इंटरनेटवर पाहून ती थोडी निर्जीव वाटली, तर दोष पूर्णपणे त्यांचा नाही.

शेपटीच्या बाबतीत त्यांची आणखी पंचाईत होती. त्यांच्या ग्रंथातल्या स्पॅच्युलटेलला आधार फक्त लॉडिजेस यांच्या संग्रहातल्या त्या एका नराचा. शेपटी कशी वळते, कुठे जाते, हा सारा तर्क. मुळात ग्रंथ सुरू केला तेव्हा गूल्ड यांनी एकाही जातीचा हमिंगबर्ड जिवंत पाहिलेला नव्हता. 1851 मध्ये, लंडनला जागतिक प्रदर्शन भरलं होतं त्या मोसमात, त्यांनी रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात आपले हमिंगबर्ड काचेच्या पेट्यांत मांडले. सहा पेन्स तिकीट. सुमारे 75,000 लोक येऊन गेले, राणी व्हिक्टोरियाही. पक्षी तारांवर टांगलेले, प्रकाश नीट पडेल असे बेतलेले. म्हणजे पक्षी हलत नाहीत तर निदान बघणारे पेटीभोवती हलतील, ही सोय. चमक दाखवायला ही मांडणी वर्खापेक्षा सरस होती असं मला वाटतं.

गूल्डना पहिला जिवंत हमिंगबर्ड दिसला 1857 मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बार्ट्रम बागेत. तोही उत्तर अमेरिकेतला साधा लालकंठी. तिथून त्यांनी दोन पक्षी जिवंत लंडनला आणले खरे, पण ते काही टिकले नाहीत.

त्याच शतकात मार्टिन जॉन्सन हेड हा अमेरिकी चित्रकार उलट वाटेने गेला. 1863 मध्ये तो ब्राझीलला पोचला, पक्षी त्यांच्या रानात पाहिले, छोटी तैलचित्रं केली. त्यांचा छापील संच काढण्याचा बेत फसला. पण पुढे त्याने दमट जंगल, ऑर्किड आणि हमिंगबर्ड अशी चित्रं काढली. 1871 मधलं कॅटलिया ऑर्किड आणि तीन हमिंगबर्डचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. हेडने झळाळीचा नाद जवळपास सोडून दिला आणि भोवतालची ओलसर हवा रंगवली. पक्ष्याचा खरेपणा त्यामुळे वाढला.

याच काळाची काळी बाजूही आहे. हमिंगबर्डच्या कातड्यांचे लंडनमध्ये लिलाव होत. बायकांच्या टोप्यांवर अख्खे पक्षी बसत. 1865 मध्ये हॅरी इमॅन्युएल या लंडनच्या जवाहिऱ्याने हमिंगबर्डची डोकी आणि पिसं सोन्याचांदीत जडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. डोक्याचे कानातले! झळाळी मेल्यावरही टिकते, हे त्या पक्ष्यांचं दुर्दैव ठरलं.

पिसांनीच पिसांचं चित्र

झळाळीच्या कोड्याचं सर्वांत सरळ उत्तर मात्र गूल्डच्या तीनशे वर्षं आधी, मेक्सिकोत सापडलं होतं. रंग कशाला लावायचा? पीसच लावा.

अ‍ॅझ्टेक राज्यात या कामाचे वेगळे कारागीर होते, त्यांना अमांतेका म्हणत. त्यांची पद्धत बेर्नार्दिनो दे सहागून या फ्रान्सिस्कन पाद्र्याने सोळाव्या शतकात स्थानिक जाणकारांच्या मदतीने तपशिलात लिहून ठेवली. मॅग्वे या घायपातीसारख्या झाडाच्या पानावर कापूस आणि डिंक पसरून पातळ पापुद्रा करायचा. ऑर्किडच्या कंदापासून केलेला डिंक वापरायचा. आधी स्वस्त, रंगवलेल्या पिसांचा थर द्यायचा आणि त्यावर मौल्यवान पिसं. खालचा थर नुसता भरणीचा नव्हता. वरच्या पिसाचा रंग खाली काय आहे त्यावर खुलतो किंवा मरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मेलॅनिनचे थर सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याच्या चारशे वर्षं आधी, हातांनी कळलेलं.

या कलेचा एक नमुना फ्रान्समध्ये ऑश नावाच्या गावातल्या संग्रहालयात आहे. संत ग्रेगरीच्या प्रार्थनेचा प्रसंग लाकडी फळीवर पिसांनी केलेला. साल 1539. मेक्सिको सिटीत पेद्रो दे गांते या मिशनऱ्याच्या शाळेत, स्थानिक कारागिरांनी तो पोप तिसरा पॉल यांना भेट म्हणून घडवला. याच पोपने दोन वर्षं आधी जाहीर केलं होतं की अमेरिकेतले मूळ रहिवासी बुद्धी असलेली माणसं आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही. त्या फतव्याला आलेलं हे उत्तर. विषय युरोपचा, देव युरोपचा, हात आणि साहित्य मेक्सिकोचं. मेणबत्ती हलली की असं चित्रही हलतं. चौकटीत बसवून विजेच्या दिव्याखाली टांगलं की निम्मी मजा जाते.

पेरूतल्या वाळवंटातला, नाझ्का रेषांतला, हमिंगबर्ड याच्या दुसऱ्या टोकाला आहे. 90 मीटरहून लांब, आणि झळाळी शून्य. वरचे काळसर दगड बाजूला केले की खालची फिकट जमीन उघडी पडते, एवढंच साहित्य. 2019 साली जपानी संशोधकांनी हे चित्र पक्षीशास्त्राच्या नजरेने तपासलं. तीन टोकदार बोटं, लांब बारीक चोच आणि मधली पिसं पुढे निघालेली शेपटी. यावरून तो हर्मिट गटातला हमिंगबर्ड ठरतो, असं त्यांनी म्हटलं. बहुतेक इतर हमिंगबर्डची शेपटी दुभंगलेली किंवा पंख्यासारखी असते. हर्मिट राहतात अँडीजपलीकडच्या जंगलात, नाझ्काच्या वाळवंटात नाही. म्हणजे रेषा आखणाऱ्यांना दूरच्या पक्ष्याची शेपटी नेमकी माहीत होती. रंग पूर्ण टाकून आकार पकडला तरी जात ओळखता येते, हे त्यातून कळतं.

मादीला काय दिसतं

आतापर्यंतच्या सगळ्या कलाकारांनी माणसाच्या डोळ्यासाठी काम केलं. नर मात्र माणसासाठी नाचत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. चौथीमुळे त्यांना अतिनील प्रकाश दिसतो. 2020 मध्ये मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात जंगली हमिंगबर्डवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन नळ्या, एकीत साखरपाणी, एकीत साधं पाणी, प्रत्येकीजवळ एक दिवा. एका दिव्याचा प्रकाश नुसता हिरवा, दुसऱ्याचा हिरवा अधिक अतिनील. माणसाला दोन्ही दिवे एकसारखे. नळ्यांच्या जागा सारख्या बदलूनही पक्षी साखरेच्या दिव्याकडे शिकून जाऊ लागले. आपल्याला ज्याचं नावही देता येत नाही असा तो रंग. स्पॅच्युलटेलच्या मादीला त्या चकत्या कशा दिसत असतील ते वर्खालाही जमणार नाही आणि कॅमेऱ्यालाही.

हालचालीचं कोडं मात्र कॅमेऱ्याने सोडवलं. एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अतिशय क्षणिक प्रकाशझोत टाकणारा फ्लॅश विकसित केला आणि हमिंगबर्डचे पंख गोठवून दाखवले. ग्रीनवॉल्टही याच तंत्राने फोटो काढत. पण गोठवणं म्हणजे पुन्हा स्थिर चित्रच. स्पॅच्युलटेलचा नाच माणसाला नीट दिसला तो एकविसाव्या शतकात, सेकंदाला शेकडो चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी तो संथ केल्यावर. बीबीसीच्या 2009 मधल्या निसर्गमालिकेत तो जगभर पाहिला गेला.

तोवर पक्षीच संपायची वेळ आली होती. त्याचा टापू चिमुकला, त्यात शेती आणि कुरणांसाठी जंगल तुटतं. आणि एक विचित्र धोका: वाळवलेलं काळीज कामोत्तेजक असतं या समजुतीपायी स्थानिक पोरं गलोलीने नर टिपत. पूर्ण शेपटीचे नर आधीच मोजके. 2006 मध्ये पोमाकोचास गावाजवळच्या रहिवाशांशी एकोआन ही पेरूतली संस्था आणि अमेरिकन बर्ड कन्झर्व्हन्सी यांनी करार केला आणि जंगलाचा तुकडा राखला. तिथल्या वेंबो केंद्रात साखरपाण्याच्या बाटल्या टांगलेल्या असतात, आणि जगभरचे पक्षीवेडे कॅमेरे सरसावून बसतात. आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा पक्षी संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. ज्या देखणेपणामुळे आधी कातडी गोळा झाली, त्याच देखणेपणावर आज त्या गावात चार पैसे येतात. नैतिकदृष्ट्या हे फार उदात्त आहे असं मी म्हणणार नाही, पण गलोलीपेक्षा तिकीट बरं.

पेरूचं तिकीट आपल्यातल्या बहुतेकांना परवडणारं नाही, तेव्हा व्हिडिओच शोधा. पहिल्यांदा पाहताना नजर चकत्यांच्या मागे धावते आणि सगळं गोंधळाचं वाटतं. दुसऱ्यांदा चकत्या सोडून दोन दांड्या एकमेकींना जिथे ओलांडतात तो बिंदू पकडा. कुठली चकती कुठल्या पिसाची ते तेव्हा कळेल. तिसऱ्यांदा फक्त गळा पाहा, किती वेळा पेटतो आणि विझतो ते. आणि जमलं तर एकदा मादीकडेही बघा. चित्रकारांनी तिला फार जागा दिलेली नाही.